रिपोर्ट हातात पडला, आता पुढे? गोळ्या, योजना आणि विमा यांची मराठवाड्यातली वाट

एचआयव्ही चाचणी केंद्राच्या बाकावर बसलेला माणूस रिपोर्टची घडी खिशात घालतो. थोडा वेळ काही बोलत नाही. मग जो पहिला प्रश्न येतो तो बहुतेक वेळा जगण्या-मरण्याचा नसतो. तो विचारतो, "ताई, ह्याला खर्च किती येतो?" बीड, परभणी, हिंगोलीकडे आजार म्हटलं की आधी सावकार आठवतो, दवाखाना नंतर. एचआयव्ही समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता सगळ्यात आधी त्याचंच उत्तर देते: गोळ्यांना खर्च नाही. आणि त्या गोळ्यांचा कुठल्याही विम्याशी, कार्डाशी किंवा योजनेशी संबंध नाही.

पुढचं सगळं याच वाक्यावर उभं आहे, म्हणून ते नीट उलगडते. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाच्या उपचाराचा पैसा तीन वेगवेगळ्या पिशव्यांतून येतो. रोजच्या गोळ्या, सीडी-४ (रोगाशी लढणाऱ्या पेशींची मोजणी) आणि व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) या तपासण्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून होतात. दवाखान्यात भरती व्हावं लागलं, ऑपरेशन करावं लागलं, तर तो पैसा राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून आणि आयुष्मान भारतमधून येतो. तिसरी पिशवी म्हणजे कंपनीची किंवा खासगी विम्याची पॉलिसी. धोरणं बदलतात, पण तिन्ही पिशव्यांची एकदम बदलत नाहीत. बातमी एका पिशवीची असते आणि माणूस दुसरीसाठी घाबरतो.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा हेच झालं. पुणे, कल्याण आणि हैदराबाद इथले तृतीयपंथीयांसाठी चालणारे दवाखाने बंद पडले आणि बातम्या आल्या. आठवडाभर मला फोन येत होते. "आपल्या गोळ्या बी बंद होणार म्हणे?" नाही झाल्या. कार्यक्रमाचा पाचवा टप्पा एप्रिल २०२१ ते मार्च २०२६ या पाच वर्षांचा, १५,४७१.९४ कोटी रुपयांचा, आणि तो पूर्णपणे केंद्राच्या तिजोरीतून चालणारा होता. ज्यांचे दवाखाने बंद पडले त्यांचं नुकसान खरं होतं, ते मी लहान करून सांगत नाही. पण नुसत्या अफवेवर अंबाजोगाईच्या एका बाईने महिनाभर पुरावी म्हणून रोजची गोळी अर्धी करून खाल्ली, तेही नुकसानच. गोळी अर्धी कधीच करू नका.

आधी गोळी

खासगी लॅबचा रिपोर्ट असला तरी सरकारी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पुन्हा तपासून घ्या. ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, सिव्हिलमध्ये ही केंद्रं असतात. तिथे वेगवेगळ्या तीन चाचण्या पॉझिटिव्ह आल्याशिवाय निदान पक्कं करत नाहीत. चाचणी तुमच्या संमतीनेच होते आणि पैसे लागत नाहीत.

तिथून चिठ्ठी घेऊन एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या जिथे मिळतात ते. छत्रपती संभाजीनगरला घाटी हे सरकारी रुग्णालय, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडला विष्णुपुरीचं मेडिकल कॉलेज, लातूरचं मेडिकल कॉलेज. शिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी. गावाजवळचं केंद्र नको, कुणी पाहील, अशी भीती पुष्कळांना असते. लांबचं केंद्र निवडलं तरी चालतं, पण दर खेपेचं एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी यांचा हिशेब आधी करा. लाजेपायी सव्वाशे किलोमीटर लांब नाव नोंदवलेली माणसं तिसऱ्या-चौथ्या खेपेला यायची थांबलेली मी पाहिली आहेत.

सोबत काय न्यायचं: रिपोर्ट, ओळखपत्राची झेरॉक्स, दोन फोटो, आधीची औषधं चालू असतील तर त्यांच्या चिठ्ठ्या, आणि जमलं तर घरातलं एक विश्वासाचं माणूस. तिथे रक्त घेतील, क्षयाची लक्षणं विचारतील, समुपदेशक बोलेल. मग गोळ्या सुरू होतात. सध्या बहुतेक मोठ्या माणसांना दिवसाला एकच गोळी असते, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली. एक बारीक गोष्ट, जी गर्दीत सांगायची राहून जाते: लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा ॲसिडिटीच्या काही औषधांनी (अँटासिड) डोल्युटेग्राविरचं शोषण कमी होतं. म्हणून आधी एआरटीची गोळी आणि निदान दोन तासांनी ती औषधं. ती आधी घेतली गेली असतील तर सहा तास थांबायचं. आपल्याकडे दर दुसऱ्या बाईला रक्त कमी म्हणून लोहाची गोळी चालू असते, म्हणून मुद्दाम लिहिलं. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

सहा महिन्यांनी, मग वर्ष पूर्ण झाल्यावर आणि पुढे दरवर्षी व्हायरल लोड. हा आकडा तुमचा आहे, तो मागून घ्या, वहीत लिहा. विषाणू इतका दबला की तपासणीत सापडतच नाही आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. नव्याने निदान झालेल्या नवरा-बायकोला हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

"सीडी-४ अजून चांगला आहे, नंतर या"

हे वाक्य आज कुणी तुम्हाला सांगितलं तर ते जुनं झालंय हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. धोरण बदलल्याने माणसाचं आयुष्य कसं बदलतं याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्यापाशी नाही.

देशात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला आठ संस्थांत सुरू झाली, मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. तेव्हा सीडी-४ दोनशेच्या खाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नव्हत्या. पुढे हा आकडा ३५० झाला, मग ५००. म्हणजे कित्येक वर्षं आपण धडधाकट माणसाला परत पाठवत होतो. मी स्वतः पाठवलंय. एक जोडपं, दोघंही उसतोडीला जाणारं. त्याचा सीडी-४ चारशेच्या पुढे. नियमाप्रमाणे त्याला म्हणाले, "दादा, सहा महिन्यांनी या." सहा महिने म्हणजे अख्खा हंगाम. ते मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन गेले, आणि तो परत आला तेव्हा क्षयाने पोखरलेला होता, बायकोने बैलगाडीतून उतरवला. नियम पाळला होता, तरी ती तारीख मला विसरता येत नाही.

२८ एप्रिल २०१७ ला हा उंबरठाच काढून टाकला. आता निदान झालं की सीडी-४ कितीही असो, उपचार. म्हणून कुणा जुन्या नातेवाइकाच्या किंवा खासगी डॉक्टरच्या सांगण्यावरून वाट पाहू नका. आणि २००९-१० च्या सुमारास "तुम्हाला गरज नाही" म्हणून परत गेलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला आज पुन्हा पाठवा.

गोळ्यांचा साठाही कधी कमी पडतो. जुलै २०२२ मध्ये औषधं थोडी थोडी मिळू लागली म्हणून एचआयव्हीसह जगणारे लोक दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर कित्येक दिवस धरणं धरून बसले होते. म्हणून दोन सवयी लावून घ्या. डबीत आठ-दहा दिवसांच्या गोळ्या उरलेल्या असतानाच पुढची खेप करायची, शेवटच्या गोळीची वाट पाहायची नाही. आणि महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या दिल्या तर घेऊन यायच्या, रागाने सोडून यायच्या नाहीत. मात्र त्याच दिवशी १०९७ या एड्स हेल्पलाइनला सांगायचं आणि जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण पथकात, ज्याला सगळे डापकू म्हणतात, तिथे लेखी द्यायचं.

रेशन कार्ड कपाटातून काढा

दुसरी पिशवी भरतीची. इथे मराठवाड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा आपल्याकडचा फक्त नांदेड त्यात होता. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. पिवळ्या आणि केशरी कार्डासोबत १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शुभ्र कार्डधारक शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतलं. मराठवाड्यातले सगळे जिल्हे त्या चौदांत होते. वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पाच लाख झाली आणि कार्डाच्या रंगाची अटही गेली. १ जुलै २०२४ पासून हे लागू आहे.

पण आजही लोक म्हणतात, "आपलं पांढरं कार्ड, आपल्याला काही मिळत नाही." हे आता खरं नाही. मिळतं.

नव्या माणसाने करायचं ते असं. रेशन कार्डावर तुमचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का ते पाहा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी केलेलं असतं आणि सासरच्या कार्डावर चढवलेलं नसतं. नवरा गेलेल्या बाईला तर सासरचे कार्डच देत नाहीत. हे काम तहसीलच्या पुरवठा शाखेत होतं, वेळ खातं, म्हणून अंगात ताप नसताना करून ठेवा. आयुष्मान कार्डही जमलं तर काढून घ्या. भरती व्हायची वेळ आली की योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, गाठायचं. तो दारातच टेबल टाकून बसलेला असतो. रुग्णालय योजनेत आहे का हे १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर विचारता येतं.

योजनेला आधीचा आजार चालतो. एचआयव्ही आहे म्हणून अपेंडिक्सचं, हर्नियाचं, हृदयाचं ऑपरेशन योजनेत बसत नाही, असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. योजना एचआयव्हीच्या गोळ्या देत नाही, कारण त्या पहिल्या पिशवीतून येतात. एवढ्या एका फरकामुळे किती माणसं काउंटरवरून परत जातात! ती "माझ्या एचआयव्हीला योजना आहे का?" असं विचारतात, समोरचा "नाही" म्हणतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. विचारायचं असं: "माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला योजना लागू आहे का?"

साध्या तापा-खोकल्याला योजनेची गरजच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे नाहीत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याखाली येतात, तिथे केस पेपरला थोडे पैसे लागू शकतात.

ऑपरेशनला नाही म्हणाले तर

एका खासगी रुग्णालयात, नाव लिहीत नाही, माझ्यासोबत आलेल्या बाईचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. तारीख दिलेली, उपाशी ठेवलेली. रक्ताचा रिपोर्ट आला आणि सिस्टर येऊन म्हणाली, "आमच्याकडे सोय नाही, संभाजीनगरला घेऊन जा." तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी लिहू शकणार नाही. मी तेव्हा नुसती भांडले. आज भांडण्याआधी काय करते ते सांगते.

एचआयव्ही व एड्स कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं, नोकरीवरून काढणं, मुलाला शाळेत न घेणं, घर भाड्याने न देणं याला त्यात बंदी आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. तुमची स्थिती तुमच्या परवानगीशिवाय बाहेर सांगता येत नाही. बेडवर लाल अक्षरांत लिहिलेली पाटी लावणंही यात येतं. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या रुग्णालयाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, इतर आस्थापनांत ही संख्या शंभर आहे. त्याच्यावर राज्याचा लोकपाल. त्याने तीस दिवसांत निकाल द्यायचा, आणि जीवावर बेतलं असेल तर शक्यतो चोवीस तासांत.

तेव्हा सगळ्यात आधी कागद मागा. "नकार देताय तर कारण लेखी द्या, आणि तुमचा तक्रार अधिकारी कोण ते सांगा." बहुतेक ठिकाणी हे वाक्य शांतपणे म्हटलं की डॉक्टर स्वतः खाली येतात. नाही आले तर वेळ, तारीख, बोलणाऱ्याचं पद लिहून ठेवा, आरोग्यमित्राला सांगा, डापकूला फोन करा. आणि रुग्ण गंभीर असेल तर तक्रार दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन रुग्णाला आधी हलवा.

पॉलिसी घ्यायची का?

माझं मत आधी सांगते. घरात दोन-तीन हजार रुपये शिल्लक पडत असतील आणि रेशन कार्ड धड नसेल, तर आधी कार्ड. योजना चालू असलेल्या घराला खासगी पॉलिसी ही नंतरची गोष्ट आहे. पण वाळूज-शेंद्र्याला कंपनीत असणाऱ्यांना, शिक्षकांना, दुकानदारांना तिचा विचार करावासा वाटतो, आणि तो रास्त आहे.

महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) कापली जात असेल, तर तुमच्याकडे एक चांगलं संरक्षण आधीच आहे. उपचारांसोबत दीर्घ आजाराच्या रजेचा लाभ मिळतो. त्या यादीत क्षय, कुष्ठरोग यांच्याबरोबर एड्सही आहे. दोन वर्षं नोकरी आणि ठरलेली वर्गणी भरलेली असेल तर मजुरीच्या ८० टक्के रक्कम मिळते. हे कंपनीतल्या बाबूलाही पुष्कळदा माहीत नसतं.

खासगी आरोग्य विम्याचं धोरण गेल्या काही वर्षांत फार हललं. २०१९ मध्ये विमा नियामकाने जी यादी काढली त्यानुसार कंपनी एचआयव्हीला पॉलिसीतून कायमचं वगळू शकत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच नियामकाने सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना सांगितलं की अपंग, मानसिक आजार असलेले आणि एचआयव्हीसह जगणारे यांच्यासाठी पॉलिसी ठेवलीच पाहिजे. २०२४ मध्ये आधीच्या आजारासाठीचा थांबण्याचा काळ जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. सलग पाच वर्षं हप्ते भरले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही. आधी हा काळ आठ वर्षांचा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला. म्हणून जुन्या एजंटाने २०२० मध्ये "तुम्हाला मिळतच नाही" सांगितलं असेल तर पुन्हा विचारा. मात्र कायद्याने विम्यात एक फट ठेवली आहे: आकडेशास्त्राच्या अभ्यासाचा आधार असेल तर कंपनी वेगळी वागणूक देऊ शकते. म्हणजे हप्ता जास्त लावणं किंवा अटी घालणं हे होणार.

एजंटाला विचारा: संधिसाधू संसर्गासाठी (प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर गाठणाऱ्या आजारासाठी) भरती झालो तर पैसे मिळतात का, किती काळ थांबायचं, सीडी-४ ची अट आहे का, बिलातला किती वाटा माझ्या खिशातून. उत्तर तोंडी नको, पॉलिसीच्या कागदात बोट ठेवून दाखवायला सांगा.

आणि एजंट हमखास म्हणेल, "भाऊ, ते लिहूच नका, कोण बघतंय." लिहा. आयुर्विम्यात पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला तर कंपनी जुने कागद उकरते, आणि एआरटी केंद्राची नोंद असते. एका विधवेच्या हातात चार वर्षांची पोर आणि नाकारलेल्या दाव्याचं पत्र, असं मी पाहिलंय. फॉर्म एजंटाने भरला होता, सही नवऱ्याची होती. दावा अन्यायाने नाकारला असेल तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या. महिनाभरात समाधान झालं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मराठवाड्यासाठी हे कार्यालय पुण्याला आहे. वकील लागत नाही, फी नाही.

घरात पैसा येण्याच्या आणखी दोन वाटा पटकन सांगते. संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्तही येतात, महिन्याला दीड हजार, अर्ज तहसीलला, उत्पन्नाचा दाखला लागतो. बालसंगोपन योजनेत बाधित आणि अनाथ मुलांना महिन्याला २,२५० रुपये. एसटीच्या सवलतीचा दाखला कसा मिळतो ते एआरटी केंद्रातच विचारा.

दसऱ्याच्या आधी

उसतोडीला, वीटभट्टीला किंवा पुण्याकडे कामाला जाणाऱ्यांसाठी हे शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यात गरजेचं. मुकादमाकडून उचल घेण्याआधी एआरटी केंद्रात जाऊन सांगा की आम्ही अमुक जिल्ह्यात, अमुक कारखान्यावर जातोय. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. जिथे जाताय तिथल्या जवळच्या केंद्राचं नाव तुमच्या एआरटी पुस्तिकेत लिहून घ्या. पुस्तिका दाखवली की सांगली, कोल्हापूरच्या केंद्रातही गोळ्या देतात. वर्षाचा व्हायरल लोड हंगामात येत असेल तर निघण्याआधीच करून घेता येईल का विचारा.

पिशवीत ठेवा: एआरटी पुस्तिका आणि तिची झेरॉक्स वेगळ्या जागी, रेशन कार्ड, आधार, आयुष्मान कार्ड, शेवटच्या तपासणीचा कागद. गोळ्या बाटलीतून काढून साध्या डब्यात ठेवायच्या असतील तर बाटलीवरचं लेबल फाडून आत टाका, म्हणजे परक्या डॉक्टरला औषध कळेल. खोपीत ऊन लागतं, डबा पेटीत कपड्यांच्या खाली ठेवा. दोघं जण असाल तर एकाने दुसऱ्याला आठवण करायची, पहाटे फडात जायच्या आधी, चहाबरोबर. पोर सोबत असेल तर त्याच्या गोळ्या वजनावर ठरतात. हंगामभरात वजन वाढतं, म्हणून परत आल्यावर गावात घरी जाण्याआधी त्याला केंद्रात आणून वजन करून घ्या.